८×४२ ची दुर्बीण, चार महिने वापरून

धानाचे पैसे आले अन् दुर्बीण मागवली: आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. घरचे म्हणाले, "मोटरचं स्टार्टर जळालं, अन् याले पाखरं पाहाची हायेत!" बरोबरच होतं म्हणा.

पण मामा तलावावर (म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव), अर्जुनाच्या फांदीवर मोठ्या चोचीचा खंड्या दिसला अन् पैसे वसूल झाले. नेहमीचा पांढऱ्या छातीचा नव्हे. हा ३५ सेंटिमीटरचा, डोकं मातकट, पोट पिवळसर, चोच लालभडक. साध्या डोळ्यांनी नुसता एक ठिपका. अर्धा तास जागचा हलला नाही, मग सपकन पाण्यात. खेकडा फांदीवर आपटून आपटून त्याचे पाय गळाले, तेव्हा कुठे गिळला. उडाला तेव्हा पाठीचा निळा असा चमकला की बाप्पा! बीळ दरडीत नाहीतर वारुळात कोरतो म्हणून सध्या आमच्या बांधावरची सगळी वारुळं तपासतोय.

पहाटे भिंगावर वाफ धरते. पट्टा दुसऱ्याच आठवड्यात उसवला, दुकानदार फोन उचलत नाही, आता सुतळीवर लटकवतो. आठपटीच्या वर घेऊ नका, हात हलतो अन् दाट झाडीत पाखरू सापडत नाही.

चार तारे. पाचवा पट्ट्यानं खाल्ला.