स्विस ऑर्गंडी घ्यावी का? घ्या, पण खरी आहे का ते आधी बघा

भाचीच्या फ्रॉकसाठी स्विस कॉटन ऑर्गंडी, म्हणजे पातळ, पारदर्शक पण ताठ सुती कापड, घेतलं, महाग आहे, पण मी परत घेईन. आपल्याकडे ऑर्गंडी म्हणून जे सर्रास विकतात ते बऱ्याचदा पॉलिस्टर ऑर्गन्झा असतं नाहीतर खळ दिलेली मलमल, आणि ती खळ पहिल्याच धुण्यात निघून जाते, मग घेर नुसता लोंबत बसतो. ही मात्र ओली असताना मऊ पडते, किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवली की पुन्हा पहिल्यासारखी ताठ, फ्रिलसुद्धा आपोआप उभी राहते.

कारण हिचा ताठपणा वरून लावलेला नाहीये, धाग्यातच आहे. आणि यामागे स्वित्झर्लंडच्या एका कंपनीचं मोठं काम आहे, हेबरलाइन. सेंट गालेन कँटनमधल्या (म्हणजे तिथल्या प्रांतातल्या) वाटविल गावात 1835 साली गेओर्ग फिलिप हेबरलाइन यांनी सूत रंगवायचा कारखाना काढला, तिथून हे लोक फिनिशिंगमध्ये, म्हणजे विणलेल्या कापडावर प्रक्रिया करायच्या कामात आले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी कॉटन कायमचं पारदर्शक आणि कडक करायच्या प्रक्रियेची पेटंट घेतली. करायचं काय, तर बारीक मलमल तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमधून फक्त काही सेकंद काढायची, लगेच भरपूर पाण्यात धुवायची, आणि कॉस्टिक सोड्यात ताणून धरायची, यालाच मर्सराइझ करणं म्हणतात. ॲसिडमध्ये जरा जास्त राहिली की कापडाची वाट लागली, कमी राहिली तर परिणामच नाही. नीट जमलं तर धाग्याचा बाहेरचा थर फुगून पुन्हा घट्ट बसतो आणि कापड काचेसारखं दिसायला लागतं. विणकराचं नाव सगळे घेतात, प्रोसेस करणाऱ्याचं कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ग्रे कापडात, म्हणजे मागावरून उतरलेल्या प्रक्रिया न केलेल्या कापडात, यातलं काहीच नसतं.

माझ्या कापडावर पांढरे ठिपके आहेत, ते भरतकाम वाटतात पण हात फिरवला तर दोरा लागत नाही. असे ठिपके काढायला तेवढ्या जागी आधी गोंदासारखी पेस्ट छापतात, तिथे ॲसिड पोचत नाही, म्हणून तेवढाच भाग अपारदर्शक राहतो. उजेडात धरून बघा, फार सुंदर दिसतं!

याच कंपनीने पुढे हेलांका नावाचं ताणलं जाणारं सूत काढलं, नायलॉनला भरपूर पीळ द्यायचा, उष्णतेने तो पक्का करायचा आणि मग उलगडायचा, 1950च्या दशकातल्या त्या घट्ट स्की पँट्स याच सुताच्या. आणि सूत टेक्श्चर करायच्या, म्हणजे फुगीर करायच्या मशीनमधले हेबरलाइनचे एअर जेट (हवेचा झोत सोडणारे भाग) सुरतवाल्यांना वेगळे सांगायला नकोत.

तक्रार एकच, चुरगळते फार. भाची गाडीत बसून कार्यक्रमाला गेली की मागचा घेर संपलाच समजा. आणि घडी एकाच जागी वर्षानुवर्षं राहिली तर तिथे धागा तुटतो, म्हणून घडी न घालता गुंडाळी करून ठेवा. रोज घालायच्या कपड्याला अजिबात नको, कॉलर, फ्रिल, बारशाचं झबलं यासाठी मस्त.

घेताना दुकानदाराकडून छोटा तुकडा मागून घ्या, घरी कोमट पाण्यात चोळा, पाणी गढूळ आणि बुळबुळीत झालं तर ती खळ आहे, नुसतं "स्विस" लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका.