पहिलं सोन्याचं नाणं: जुनी गिन्नी घ्यायची की एक औंसचं मोठं, आणि फोटो कशाने काढायचा

चोपड्याहून मावसभावाचा फोन आला, यंदा केळीला भाव बरा मिळाला, ताई एक सोन्याचं नाणं घ्यायचंय, बाहेरच्या देशाचं, जपून ठेवायचं आणि तू काढते तसे फोटो पण काढायचे, मंग गिन्नी घेऊ का ते एक औंसचं मोठं घेऊ? अर्धा तास बोलले तरी पुरं झालं नाही म्हणून लिहूनच काढते, कारण हा प्रश्न अजूनही बरेच जण विचारतात आणि आपल्या जळगावात सोनं म्हटलं की भाव आणि शुद्धता यावर सगळे बोलतात, नाण्यावर काय कोरलंय ते कुणी बघतच नाही.

आधी वजनाचं सांगते, कारण खिसा तिथेच ठरतो. गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवशीचा २४ कॅरेटचा १० ग्रॅमचा भाव घ्या आणि ०.७३२ ने गुणा, तेवढ्याचं सोनं तुमच्या हातात आहे, त्यावर विकणारा जे मागतो तो प्रीमियम. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड ३३.९३ ग्रॅम, तेही २२ कॅरेटच, पण आत शुद्ध सोनं ३१.१ ग्रॅम म्हणजे पूर्ण एक औंस. कॅनडाचं मेपल लीफ ३१.१ ग्रॅम आणि सगळंच्या सगळं ९९९.९, म्हणजे हजारात ९९९.९ भाग शुद्ध सोनं. या दोघांना ३.११ ने गुणायचं. म्हणजे एका मोठ्या नाण्याच्या सोन्यात चार गिन्न्या बसून वर थोडं उरतं. ग्रॅममागे प्रीमियम मोठ्या नाण्याला साधारण कमी पडतो हे खरंय, पण पोरीच्या फीला पैसे लागले तर मोठ्या नाण्याचा चतुर्थांश विकता येत नाही, चारातली एक गिन्नी विकता येते. नवीन नाणं दुकानातून घेतलं तर ३ टक्के जीएसटी धरा, आणि दोन लाखांच्या वर खरेदी गेली की पॅन द्यावाच लागतो.

आता गिन्नीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझा जीव तिथे आहे. हे आताच्या रूपातलं नाणं १८१७ पासूनचं, मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, हे चित्र पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराचं, आणि दोनशे वर्षांनंतरही तेच चालू आहे. एकाच चित्रात अख्खं जग फिरता येतं, कारण ही नाणी लंडनशिवाय सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया इथेही पडली आणि प्रत्येक टांकसाळीची आपापली बारीक खूण असते. आणि आपली मुंबईची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची शाखा उघडली होती, तिथे १९१८ सालाच्या तेरा लाखांच्या आसपास गिन्न्या पडल्या आणि शाखा वर्षभरही न चालता बंद झाली. खूण काय तर घोड्याच्या खाली जमिनीची जी रेघ आहे तिच्यावर, सालाच्या बरोब्बर मधोमध वर, एक इवलासा इंग्रजी आय. साध्या डोळ्याला तो ओरखडा वाटतो. दहापट भिंग लावलं की उभा राहतो.

माझ्या आजीच्या पेटीत तीच होती. सराफाच्या त्या गुलाबी पातळ कागदात घडी करून ठेवलेली, आजी म्हणायची हाई मना बापनी गिन्नी शे, बस, पुढे काही नाही. मी पहिला फोटो काढला तो त्याच कागदावर ठेवून आणि नाणं तांब्यासारखं लालसर आलं, मला वाटलं सोन्यातच खोट आहे. खोट नव्हती, गुलाबी कागदाचा रंग नाण्याच्या कडेवर आणि राजाच्या गालावर उतरला होता. सोनं आरशासारखं आहे, शेजारी जे ठेवाल ते ओढून घेतं. काळ्या किंवा करड्या कागदावर ठेवलं तेव्हा कुठे गिन्नीचा खरा रंग आला.

तिच्या वरच्या टोकाला मात्र कडी लावलेली होती, पोतीत ओवायला. पुढे मी ती एका सराफाकडे काढायला दिली आणि तिथे चूक झाली, कडी निघाली पण कडी डाग देऊन जोडली होती त्या जागी काठ घासला गेला, वर कसोटीवर घासून बघितल्याची रेघ वेगळी. सोन्याची किंमत तेवढीच राहिली, संग्राहकाच्या हिशोबाने मात्र ते नाणं कायमचं दुखावलं. म्हणून घरातल्या गिन्नीला कडी असेल तर ती तशीच राहू द्या. आणि नाणं पुसायचं नाही, रिठ्याने नाही, टूथपेस्टने तर अजिबात नाही.

एक औंसवाल्यांत क्रुगरँड सगळ्यात जुनं, १९६७ पासून, एका बाजूला क्रुगर, तिकडचा जुना राष्ट्राध्यक्ष, आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगबॉक हरीण. त्यात तांबं मिसळलेलं असतं म्हणून रंग लालसर आणि अंग कडक, हाताळायला सोपं. मेपल १९७९ पासून, आता ९९९.९ शुद्ध, पिवळंधमक, पण इतकं मऊ की बोटाचा ठसा लगेच दिसतो आणि टाइल्सवर पडलं तर काठाला खळगा पडलाच समजा. अमेरिकेचं ईगल १९८६ पासून, तेही २२ कॅरेट, पण तांब्यासोबत चांदी असल्यामुळे क्रुगरँडपेक्षा पिवळं. व्हिएन्नाचं फिलहार्मोनिक ३७ मिलीमीटर, रुंद आणि देखणं. चीनचा पांडा १९८२ पासून, चित्र जवळजवळ दरवर्षी बदलतं, आणि २०१६ पासून एक औंस सोडून ३० ग्रॅमचा झाला, तेव्हा जुन्या नव्याची तुलना करताना हे लक्षात ठेवा. चित्राची हौस असेल तर पांडा, नुसतं सोनं हवं तर मेपल, असं मी म्हणेन.

मधला रस्ता पण आहे, फ्रान्सचे कोंबडावाले आणि स्वित्झर्लंडचे व्रेनेली नावाचे, दोन्ही २० फ्रँकचे. ६.४५ ग्रॅम, ५.८ ग्रॅम शुद्ध सोनं, नक्षी फार सुंदर. पण इकडे विकायला गेलात तर ओळखणारा सराफ शोधावा लागेल, गिन्नीला मात्र कुठलाही म्हातारा सराफ बघताक्षणी ओळखतो.

काही जण म्हणतील आपलंच जुनं का नाही, शिवराई होन, मोगल मोहर, पुतळी? पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं, त्यावरच्या उभ्या आकृत्यांवरून आपल्या बायकांनी दिलेलं नाव. आणि आपल्या दारातली गोष्ट बघा, १६०१ मध्ये असीरगड किल्ला पडला, खान्देश अकबराकडे गेला, तर त्याने असीरच्या टांकसाळीची ससाण्याची मोहर पाडली, सोन्याच्या नाण्यावर पक्षी. मला हे वाचून इतका अभिमान वाटला होता. पण पहिलं नाणं म्हणून यातलं काही घेऊ नका. होन आणि ससाण्याची मोहर दुर्मिळ, नकली भरपूर, ओळखायला डोळा लागतो. शंभर वर्षांच्या वरची वस्तू, म्हणजे १९१८ ची गिन्नीसुद्धा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, देशाबाहेर नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आधी चार वर्षं नाणी हातात घेऊन डोळा तयार होऊ द्या.

खरं खोटं बघायला घरी काय करता येतं तेही तुलनेत धरा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. गिन्नीला ०.४५ ग्रॅम दिसायला पाहिजे, म्हणजे घनता साडेसतराच्या जरा वर. क्रुगरँडला १.९३ च्या जवळ. मेपलला मात्र ही परीक्षा पुरत नाही, शुद्ध सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, पाण्याला फरक कळत नाही. म्हणून मोठं शुद्ध नाणं नेहमी पक्क्या बिलावर आणि सीलबंद घ्या. अलीकडच्या मेपलवर एक बारीक पान कोरलेलं असतं, त्याच्या आत सालाचे शेवटचे दोन आकडे, भिंगातून तेही बघा.

आता फोटो. भाऊ विचारत होता कॅमेरा घेऊ का. मोबाईलने काम होतं, फक्त मॅक्रो मोड बंद करा, कारण त्यात फोन नाण्याच्या दोन तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि फोनचीच सावली पडते. त्यापेक्षा फोन वीतभर वर स्टँडवर, दोनपट तीनपट झूम, दोन सेकंदांचा टायमर, मग क्रॉप. स्कॅनर काही जण वापरतात, नोंदीपुरता बरा, पण उजेड आपल्या हातात नसतो, सोनं तपकिरी येतं आणि आरशासारखी प्रूफ नाणी काळीठिक्कर. कॅमेरा घेणारच असाल तर बॉडीवर नाही, १०० मिलीमीटरच्या मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सवर पैसे घाला, सेकंडहँड चालेल. गिन्नी २२ मिलीमीटरची, फुल फ्रेम कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरची उंची २४, म्हणजे एकास एक मापात, नाणं सेन्सरवर खऱ्या आकाराइतकंच पडतं तेव्हा, ती बरोबर मावते आणि तो आय स्वच्छ वाचता येतो. क्रुगरँड ३२.७ चं, ते त्या मापात मावत नाही, मागे सरकावं लागतं.

पण कॅमेऱ्यापेक्षा उजेड मोठा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात सोनं पांढरं फटक येतं, चेहराच जातो. उत्तरेची खिडकी, सकाळची वेळ, नाहीतर चांगल्या रंगाचे दोन एलईडी, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, पुढे बटर पेपर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरा रंग कशाला धरायचा ते, ऑटोवर ठेवू नका, करडं कार्ड ठेवून सेट करा, नाहीतर क्रुगरँड आणि मेपल एकाच रंगाचे येतील. झिजलेल्या गिन्नीला हा उजेड पुरतो, उलट झीजच छान दिसते, घोड्याच्या मांडीवरची चकाकी आणि खोलगट जागेतला काळसरपणा दोन्ही येतात. मेपलच्या मोकळ्या जागेत बारीक किरणांसारख्या रेघा आहेत, दिवा जरा सरकवला की पंख्यासारखा उजेड फिरतो, एका फोटोत तो पकडताच येत नाही. पांडा आणि प्रूफ नाण्यांना काच लागते. फ्रेमवाल्याकडून साधी दोन मिलीमीटरची काच आणा, नाण्याच्या वर ४५ अंशात तिरकी धरा, दिवा बाजूने काचेवर, समोरच्या बाजूला काळं कापड, कॅमेरा वरून काचेतूनच बघतो. उजेड सरळ नाण्यावर उतरतो आणि आरसा उजळतो. हातात यायला मला दोन रविवार लागले. कॅप्सूलमधून, म्हणजे नाण्याच्या कडक प्लास्टिकच्या डबीतून, नाणं काढू नका, आणि प्लास्टिकच्या मऊ पीव्हीसी पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका.

तर भावाला मी सांगितलं, मुंबईची १९१८ ची गिन्नी बघ, कडी न लागलेली, जुन्या मालावर वजन आणि साल लिहून पक्कं बिल देईल त्याच्याकडूनच घे. जुनं नकोच असेल तर २०१३ मध्ये भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडल्या, त्यावरही तोच आय आहे, त्यातली घे. उरलेल्या पैशात काटा, भिंग, काच आणि लेन्स येईल. मोठं नाणं पुढच्या केळीला बघू. आणि येताना नाणं मऊ कपड्यात नाही, कडक डबीत आण, ओसरीवरच्या खिडकीत आधी आजीची गिन्नी आणि तुझी शेजारी शेजारी ठेवू, करड्या कागदावर.