व्यक्तिचित्रात भाव कशावर सोपवायचा: प्रकाश, पोत की रचना?

प्रकाश, पोत (रंगाच्या थराचा खरखरीतपणा, जाडी) आणि रचना (चौकटीतली मांडणी) या तिघांकडे सारखंच लक्ष दिलं की व्यक्तिचित्र बहुधा नीटनेटकं होतं आणि मुकं राहतं. भावाची मुख्य जबाबदारी एकावर टाकावी आणि इतर दोघांना साथीला ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ती कुणावर टाकायची, हे समोर कोण बसलंय आणि तुमच्या हाताशी काय आहे यावरून ठरवावं.

सगळ्यात लवकर बोलतो तो प्रकाश. एकच दिवा बाजूने आणि थोडा वरून ठेवला की अर्धा चेहरा सावलीत जातो आणि अंधाऱ्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रकाशयोजना चेहऱ्याला अंतर्मुख करते, कारण डोळ्यांच्या खोबणीत जे दिसत नाही ते बघणारा मनाने भरून काढतो. दुसरा डच चित्रकार व्हर्मीर, त्याचा उजेड मऊ असतो. मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या त्याच्या मुलीच्या चित्रात (सुमारे 1665) नाक आणि गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. एक उजळ भाग दुसऱ्यात मिसळून जातो आणि चेहरा कोवळा, आत्ताच वळून पाहिल्यासारखा वाटतो. प्रकाशाचा धोका मात्र ओळखून असावं. तिरपा, तीव्र उजेड कुणालाही गंभीर करतो. खळखळून हसणाऱ्या माणसावर तो टाकला तर चित्रातला माणूस आपला वाटत नाही.

पोत तैलरंगात खुलतो. जलरंगात तो कागदाचा खरखरीतपणा आणि कोरडा ब्रश यांच्यापुरताच मिळतो, त्यामुळे जलरंगात काम करणाऱ्याने भावाचा भार त्याच्यावर टाकू नये. उत्तरायुष्यातल्या चित्रांत रेम्ब्रांट उजळ भागांत रंग जाड लावतो आणि सावल्या पातळ ठेवतो. त्यामुळे कपाळावर आणि नाकावर खोलीतला खराखुरा उजेडही अडतो. विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार ल्युसियन फ्रॉइड राठ केसांचे ब्रश आणि क्रेम्निट्झ व्हाइट हा दाट, जड पांढरा रंग वापरायचा. त्याच्या चित्रांतल्या कातडीला वजन आहे, वय आहे. पण हा जाडपणा निवडून लावायचा असतो. सगळीकडे सारखाच थर दिला तर चेहरा आणि भिंत एकाच आवाजात बोलू लागतात. शिवाय जाड थर वाळायला फार वेळ घेतो, आणि त्यावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा रंग चढवला तर पुढे तडे जाऊ शकतात.

रचनेचा परिणाम सावकाश होतो, पण सगळ्यात खोल जातो. फ्रेंच चित्रकार अँग्रच्या ‘मस्य बेर्तँ’ (श्रीयुत बेर्तँ) या व्यक्तिचित्रात (1832) रंगाचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, ब्रशचा फटकारा सहसा दिसत नाही. तरी तो माणूस अंगावर येतो, कारण त्याची भरभक्कम आकृती चौकट व्यापते आणि बोटं फाकवून मांड्यांवर रोवलेले दोन पंजे तिला आणखी जड करतात. अमेरिकन चित्रकार व्हिसलरने आपल्या आईचं चित्र (1871) याच्या उलट केलं. आई बाजूने दिसते, नजर आपल्याकडे नाही, हात मांडीवर, मागे करडी भिंत. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच घडत नाही, तरी तिचा संयम जाणवतो. ज्या माणसाचा चेहरा फारसं सांगत नाही, त्याच्यासाठी रचनेइतका भरवशाचा आधार नाही.

समोर जिवंत माणूस आणि हाताशी हलवता येणारा एक दिवा असेल, तर प्रकाश निवडा. माणूस वयस्क असेल, तैलरंग असतील आणि घाई नसेल, तर पोत. एकाच छायाचित्रावरून रंगवत असाल तर उजेड आधीच ठरून गेलेला असतो आणि पोताबद्दल छायाचित्र फारसं काही सांगत नाही. तिथे रचनाच निवडावी. नवशिक्यालाही मी हेच सुचवेन, कारण उजेड नंतर थोडाफार बदलता येतो, थर खरवडता येतो, पण चौकटीत चुकीच्या जागी बसवलेलं डोकं सरकवायचं म्हणजे चित्र पुन्हा मांडणंच असतं. म्हणून कॅनव्हासला हात लावण्याआधी बोटभर आकाराची चारपाच कच्ची रेखाटनं करा. त्यांत डोकं वरखाली सरकवून बघा. नजर ज्या बाजूला आहे तिथली जागा एकदा मोकळी सोडा, एकदा कापून टाका. मोकळ्या जागेत माणूस विचारात गढलेला दिसेल, कापलेल्यात कोंडलेला.