थिन क्लायंटवर एक्सपआईज-१७: सात महिन्यांनंतर

एक्सपआईज-१७ हे भौतिकशास्त्राच्या प्रयोगांत मापं घेणारं छोटं यूएसबी उपकरण. प्रयोगशाळेतल्या थिन क्लायंटवर, म्हणजे सर्व्हरच्या जोरावर चालणाऱ्या साध्या टर्मिनलवर, ते नीट चालत नाही. सगळा घोळ एकाच गोष्टीचा आहे. यूएसबी केबल लागते टर्मिनलला आणि सॉफ्टवेअर चालतं सर्व्हरवर. जुन्या एलटीएसपीत (एका लिनक्स सर्व्हरवरून अनेक टर्मिनल चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हसाठी वेगळी सोय होती, म्हणून तो चालायचा. एक्सपआईज दिसतो सिरियल पोर्टसारखा, त्याला ती सोय लागू होत नाही. पुरवठादाराने सर्व्हरची रॅम वाढवायचं कोटेशन दिलं. त्यात पैसे घालू नका, सर्व्हरच्या रॅमचा इथे काही संबंध नाही.

यूएसबी-आयपी नावाच्या सॉफ्टवेअरने उपकरण नेटवर्कवरून सर्व्हरला जोडता येतं. एका टर्मिनलवर हे उत्तम चालतं, वीसवर कोसळतं. वीसही उपकरणं एकाच सर्व्हरवर उमटतात आणि सॉफ्टवेअर पहिलं मोकळं सापडेल ते उघडतं. तिसऱ्या बाकावरचा कपॅसिटर सातव्या बाकाच्या पडद्यावर उतरतो!

खरा उपाय म्हणजे २०१९ मध्ये नव्याने लिहिलेलं एलटीएसपी. त्यात टर्मिनल सर्व्हरवरून इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) घेतं, पण प्रोग्राम स्वतःच्या प्रोसेसरवर चालवतं. त्यासाठी टर्मिनलमध्ये किमान २ जीबी रॅम हवी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी टर्मिनल घेताना झाकण उघडून रॅमचा स्लॉट बघा आणि पीएक्सई बूट (नेटवर्कवरून सुरू होणं) चालवून बघा. डिस्क नसली तरी अडत नाही.

एवढं करूनही 'डिव्हाइस सापडत नाही' अधूनमधून येतंच. त्याचं कारण मोडेममॅनेजर, म्हणजे मोडेम सांभाळणारा लिनक्समधला प्रोग्राम. उपकरण खोचताच तो त्याला मोडेम समजून एटी कमांड (मोडेमला द्यायच्या सूचना) पाठवतो आणि काही सेकंद पोर्ट अडकवून ठेवतो. थांबून उघडलं की चालतं, म्हणून संशय केबलवर जातो आणि प्रॅक्टिकलचा तास केबली बदलण्यात संपतो. हा प्रोग्राम काढा, इमेज पुन्हा बनवा, टर्मिनल रीस्टार्ट करा. पोर्टची परवानगी देणारा यूडेव्ह (लिनक्समध्ये उपकरणं ओळखणारी यंत्रणा) नियमही इमेजमध्येच हवा. सीएच३४० या यूएसबी चिपचे आर्डुइनो बोर्ड असतील तर उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्ले चालवणारं पॅकेज असाच पोर्ट बळकावतं. वर्गात ब्रेल डिस्प्ले वापरणारं मूल असेल तर पॅकेज काढू नका, त्याच्या यूडेव्ह नियमांतली त्या चिपची ओळ तेवढी बंद करा.

नेटवर्कमुळे वाचनं बिघडतील हे माझं आधीचं मत मात्र बदललं. १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेगाने भरतो त्याचं माप) जेमतेम १ मिलिसेकंद, पण नमुने उपकरणातच ठरल्या अंतराने घेतले जातात आणि मग एकगठ्ठा येतात. आलेख उशिरा उमटला तरी चुकत नाही. संथ डेटा लॉगरमध्ये एकेक बिंदू संगणक मागवतो, तिथे वेळ संगणकाची धरली जाते, एवढं लक्षात ठेवा.

टर्मिनल आणि सर्व्हर जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवर काटकसर नको. प्रत्येक टर्मिनलने बूट होताना २५० एमबी वाचलं तर वीसांचे ५ जीबी. सर्व्हरचा पोर्ट १०० एमबीपीएस असेल तर साडेसहा मिनिटं नुसती बूटमध्ये जातात. सर्व्हरकडचा एकच पोर्ट गिगाबिट असला तरी पुरतं, बाकीचे १०० चे चालतात.

पावसाळ्यात उपकरणाच्या वायर जोडायच्या स्क्रू टर्मिनलांवर गंज चढून वाचनं उडतात. बॅच बसण्याआधी ए-१ हा इनपुट ग्राउंडला जोडून शून्य येतंय का तेवढं पाहा.