हेक-रासवर पंचगंगेच्या पुराचं मॉडेल: आठ महिने वापरल्यानंतर

मी कोल्हापूरचाच, सिव्हिलवाला. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फूट 7 इंचावर गेलं, 2021 ला त्याच्याही वर, आणि धोका पातळी आहे 43 फूट. हे आकडे इथं पोराटोरांना पाठ आहेत, पण अमुक फुटाला माझ्या दारात किती पाणी हे विचारलं की सगळे गप्प. म्हणून आठ महिन्यांपूर्वी हेक-रास डाउनलोड केलं. नदीचं पाणी किती चढेल, कुठवर पसरेल ते काढणारं अमेरिकन आर्मी इंजिनिअर्सचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं आणि पूर्ण फुकट, लायसन्सची भानगडच नाही.

सॉफ्टवेअर चांगलंच आहे हो, टू-डी (पाणी नुसतं पात्रातून नाही, आजूबाजूलाही पसरतं धरून केलेला हिशोब) तर फारच भारी, पाणी शेतातून कसं पसरतं ते त्यातल्या रास मॅपर या नकाशात डोळ्यासमोर दिसतं. पण खरं काम त्याच्या बाहेर आहे. फुकटचा 30 मीटरचा डीईएम (उपग्रहावरून घेतलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा, दर 30 मीटरला एक उंची) घेतला तर त्यात नदीचा तळ नसतोच, रडारला पाण्याच्या वरचंच दिसतं, आणि नदीकाठी सगळा ऊस, त्यामुळं जमीन कुठं आणि पीक कुठं ते त्याला कळत नाही. शेवटी आम्ही दोघांनी उन्हाळ्यात नावेत बसून दोरीला वजन बांधून पात्राची खोली मोजली, एकेका सेक्शनला (पात्राच्या आडव्या छेदाला) अर्धा दिवस, पण ते सेक्शन टेरेनमध्ये (मॉडेलमधल्या जमिनीत) घातले आणि मॉडेल एकदम माणसात आलं. मॅनिंगचा एन (जमीन पाण्याला किती अडवते तो आकडा) पात्राला 0.035 धरला, उसाला मात्र 0.1 च्या आसपास न्यावा लागला तेव्हा कुठं जुळलं.

हायवेनं दोन आठवडे खाल्ले. शिरोलीजवळचा भराव मेशच्या (मॉडेलच्या जाळीच्या) एकेका सेलमध्ये मधेच कुठंतरी पडत होता आणि पाणी भरावातून आरपार जात होतं, जणू रस्ताच नाही. रस्त्यावरून ब्रेकलाइन (सेलच्या कडा रस्त्यावरच बसवणारी रेघ) काढली, मोऱ्या वेगळ्या टाकल्या, मग पाणी भरावाला तटायला लागलं.

सगळ्यात मोठी चूक खालच्या टोकाला होती. नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं मी सरळ नॉर्मल डेप्थ (पाणी पुढं उतारानं बिनअडथळा वाहून जातं असं धरणं) देऊन मोकळा झालो. रन सुंदर, एरर नाही, आणि शिरोळकडच्या गावांतलं पाणी दीड दिवसात उतरलेलं! तिथं पाणी किती दिवस तुंबून राहतं हे ज्यानं बघितलंय त्याला हे पटणारच नाही. कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेला वाट कुठली, फुगवटा मागं सरकतो. कृष्णेची पातळी स्टेज हायड्रोग्राफ (कुठल्या वेळी पाणी किती उंच याची नोंद) म्हणून दिली तेव्हा पाणी तिथं थांबलं. नवीन माणसाला एवढंच सांगेन, संगमाजवळ नॉर्मल डेप्थ देऊ नका.

पडताळणीसाठी गावात फिरलो. चिखलीत एका आजींनी कपाट सरकवून भिंत दाखवली, मातीच्या दोन रेघा, "ह्यो एकोणीसचा, वरचा एकवीसचा, रंग देताना एवढी पट्टी सोडायला लावली बघ पोराला." मी जीपीएसनं उंची घेतली आणि घरी येऊन बघतो तर मॉडेलपेक्षा साठ मीटरहून जास्त फरक! जीपीएस एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार) उंची देतं, डीईएम समुद्रसपाटीपासून, या दोन्हींतल्या फरकाची, म्हणजे जिऑइडची दुरुस्ती केली तेव्हा रेघ आणि मॉडेल अर्ध्या फुटात आले. त्या दिवशी झोप लागली नाही आनंदानं.

गेल्या महिन्यात 45 फुटाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून आजींकडं घेऊन गेलो. बराच वेळ बघितला, मग गोठ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, इथं तर ह्याच्या आधीच पाणी येतं, नदीकडनं न्हाई, मागच्या ओढ्यानं. तो ओढा माझ्या टेरेनमध्ये दिसतच नाही, इतका अरुंद आहे. रविवारी टेप आणि काठी घेऊन त्याचेच सेक्शन घ्यायला चाललोय.