गल्फ रेड ४७३: आय.एस. ५ शेड कार्डासोबतचे आठ महिने

गेल्या जूनमध्ये मी भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. ५ या मानकाचे शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या चौकटींचा तक्ता, घेतले आणि त्याच्या आधाराने आतापर्यंत एच.ओ., म्हणजे १:८७ प्रमाणातले पाच प्रवासी डबे रंगवले. हे कार्ड रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी तयार केलेले नाही. तयार रंग आणि एनॅमल यांच्या छटांना नावे व क्रमांक देणारे ते सर्वसाधारण मानक आहे. तरीही जुन्या गाड्यांचे रंग प्रामाणिकपणे उतरवू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग किती होतो आणि कोठे थांबतो, हे आठ महिन्यांनंतर मी खात्रीने सांगू शकतो.

कार्ड घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो. मला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे जुन्या रंगातले डबे करायचे होते. आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आजही उभे राहतात ते लालसर तपकिरी डबे, ज्यांना आपण सरसकट ‘मरून’ म्हणतो. त्यासाठी मी एका उत्पादकाचा ‘रेल्वे मरून’ असे लेबल लावलेला तयार ॲक्रिलिक रंग मागवला. पहिली बाटली जांभळ्याकडे झुकणारी निघाली. तीन महिन्यांनी मागवलेली दुसरी बाटली पहिलीशी जुळेना, आणि एकाच गाडीतले शेजारचे दोन डबे दोन वेगळ्या घरचे वाटू लागले. लेबलावर छटेचा क्रमांक नव्हता, त्यामुळे चूक कोणत्या बाटलीत आहे हेही ठरवता येत नव्हते. नाव आणि रंग यांच्यामध्ये एखादे स्थिर माप असल्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही, हे तेव्हा लक्षात आले.

कार्ड हाती आल्यावर मी साहजिकच ५४१ क्रमांकाचा मरून काढला आणि निराश झालो, कारण तो आठवणीतल्या डब्यापेक्षा बराच गडद आणि थंड होता. मात्र आठवणीवर विसंबून रंग ठरवणे हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून निकाल लावण्याआधी पुरावा शोधायचे ठरवले. पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे हातभर लांबीचा, वरून गडद निळा असलेला पत्रा मिळाला. “काका, गाडीच्या डब्याचाच आहे, वजन बघा,” असे तो म्हणाला. त्याच्या शब्दापेक्षा मला पत्र्याची चिरलेली कड अधिक बोलकी वाटली, कारण निळ्याच्या खाली तांबूस रेघ स्पष्ट दिसत होती.

घरी आणून त्या पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडली आणि पाणी लावून आधी ४००, मग ८०० आणि शेवटी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ती बशीसारखी उथळ घासली. अर्ध्या तासात रंगाचे थर एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारखे उमटले. सर्वांत बाहेर गडद निळा, त्याच्या आत करड्या अस्तराची बारीक कड, मग तांबूस तपकिरी रंगाची दोन वलये, त्याखाली रेड ऑक्साइड प्रायमर आणि मधोमध चकाकणारे उघडे पोलाद. १९९० च्या दशकात व्हॅक्यूम ब्रेकच्या जागी एअर ब्रेक आलेले डबे निळ्या रंगात येऊ लागले, तो सगळा बदल त्या नाण्याएवढ्या जागेत दिसत होता. भिंगातून पाहिल्यावर तांबूस रंगाच्या त्या दोन वलयांमध्येही सूक्ष्म फरक असल्याचे कळले. त्याचा खुलासा पुढे झाला.

ही पद्धत वापरणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. तेलावर आधारित रंगातले माध्यम वर्षानुवर्षे अंधारात राहिले की पिवळसर पडते, आणि वरच्या थराखाली दबलेला रंग तर पूर्ण अंधारातच असतो. म्हणून घासलेला पत्रा मी दहा दिवस खिडकीतल्या उजेडात ठेवला आणि नंतरच कार्ड त्यावर धरले. पहिल्या दिवशी जी छटा मळकट वाटत होती, ती दहा दिवसांत थोडी खुलली. मग एकेक चौकट वलयाशेजारी लावत गेलो. ५४१ चा मरून दूरच राहिला, ५४० चा क्रिमसन फारच लाल होता आणि ४४६ चा रेड ऑक्साइड विटकरी. जुळला तो ४७३, म्हणजे गल्फ रेड. आपण ज्याला आयुष्यभर मरून म्हणत आलो तो कार्डावरचा मरून नव्हेच, ही गोष्ट कळण्यासाठी मला कार्ड आणि पत्रा दोन्ही लागले. आय.एस. ५ मधले कित्येक क्रमांक आणि नावे ब्रिटिश मानकाच्या ३८१ सी या मालिकेशी जुळतात, आणि गल्फ रेड त्यांपैकी एक आहे. त्यामुळे परदेशी रंग मागवणाऱ्यांनाही या क्रमांकाचा उपयोग होतो.

क्रमांक सापडला म्हणजे रंग सापडला, असे मात्र होत नाही, आणि माझे तीन महिने याच टप्प्यात गेले. किरमिजी, काळा आणि किंचित पिवळा मिसळून मी ४७३ ची छटा तयार केली. रात्री टेबलावरच्या एलईडी दिव्याखाली ती कार्डाशी इतकी तंतोतंत जुळली की मी आनंदाने दोन डबे एका बैठकीत रंगवून टाकले. सकाळी खिडकीपाशी तेच डबे जांभळट दिसले, कार्ड मात्र तांबूसच राहिले. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून साधलेल्या दोन छटा एका प्रकाशात सारख्या आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसतात, हे मला वाचून ठाऊक होते. पण दोन डबे थिनरने पुसून काढावे लागले तेव्हा ते खरे समजले. त्यानंतर किरमिजी बाजूला ठेवून लोहाच्या ऑक्साइडवर आधारित रेड ऑक्साइड हाच पाया धरला आणि त्यात थोडा लाल व थेंबभर काळा घालून मिश्रण बसवले. हे मिश्रण सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली कार्डाची साथ सोडत नाही. आता कोणतेही मिश्रण मी किमान दोन प्रकाशांत आणि पूर्ण वाळल्यावरच पारखतो, कारण ॲक्रिलिक रंग वाळताना गडद होतो.

आकाराचा परिणामही गृहीत धरावा लागतो. सुमारे २१.३ मीटर लांबीचा डबा १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. तो आपण हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे खऱ्या डब्याकडे चाळीसेक मीटरांवरून पाहण्यासारखेच. तेवढ्या अंतरावर मधल्या हवेमुळे रंग फिका भासतो, म्हणून कार्डावरची छटा जशीच्या तशी मारली तर प्रतिकृती जड आणि काळवंडलेली वाटते. फिके करण्यासाठी पांढरा घातला की लाल रंग गुलाबी होतो, हे मी एकदा भोगले. आता वीस थेंबांना एक थेंब या प्रमाणात ३५३ चा डीप क्रीम घालतो. तेवढ्याने रंग हलका होतो आणि त्याची ऊबही टिकते. हे प्रमाण माझ्या डोळ्यांचे आहे आणि त्याबद्दल मतभेद असू शकतात, परंतु पांढरा टाळावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुलैमध्ये लॅकरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला तेव्हा डब्यावर दुधासारखी झाक आली. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्यावर बसते. ऑक्टोबरपर्यंत क्लिअर कोटला हात न लावणे हाच यावरचा उपाय मी पाळला.

आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात रंगखात्यात अनेक वर्षे काढली आहेत. त्यांना पहिला पूर्ण डबा दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला आणि पीओएचचा, म्हणजे कारखान्यातल्या ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीचा, उल्लेख करत म्हणाले, “रंग बरोबर आहे, पण हा डबा कालच पीओएचहून सुटल्यासारखा दिसतोय. अशा रंगाचे सगळे डबे एका गाडीला कधीच नसायचे.” प्रत्येक डबा आपापल्या वेळेला कारखान्यात येऊन नवा रंग घेई, आणि पुढच्या फेरीपर्यंत ऊन, पाऊस व धुलाई यांनी तो रंग उतरत जाई. पत्र्यावरच्या दोन वलयांमधला फरक मला तेव्हा उलगडला. त्यामुळे पाचही डबे मी मुद्दाम एकसारखे ठेवलेले नाहीत. दोन ताजे, दोन किंचित उतरलेले आणि एक छताकडून विटलेला असा क्रम ठेवला आहे. घाटातून रोज उतरणाऱ्या गाडीच्या बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची बारीक पूड बसून जो गंजट तपकिरी रंग चढतो, तोही कर्जत-लोणावळ्याच्या १ : ३७ चढणीचा विचार करून नेहमीपेक्षा दाट दिला.

कार्डाची मर्यादा मला डेक्कन क्वीनने दाखवली. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे संच, होते: एक रुपेरी आणि त्यावर स्कार्लेट मोल्डिंग (उठावदार पट्ट्या), दुसरा रॉयल ब्लू आणि त्यावर सोनेरी रेषा. सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्यातच बांधले गेले. रंगांची ही नावे वाचताना मन भरून येते, पण नावांना क्रमांक नाहीत; आपली मानक संस्थाच १९४७ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे १९३० मधल्या रॉयल ब्लूला नंतरच्या कार्डावरची एखादी निळी चौकट चिकटवणे ही आपली सोय ठरेल, पुरावा ठरणार नाही. जुन्या छायाचित्रांवर विसंबावे तर त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा जास्त दिसे, म्हणून त्यात स्कार्लेट काळा उमटतो आणि गडद निळा प्रत्यक्षाहून फिका होतो. छायाचित्रातल्या करड्या छटेवरून तो निळा किती गडद होता हे सांगता येत नाही. मोल्डिंगची जागा, रेषांची जाडी आणि अक्षरांची मांडणी मात्र त्याच छायाचित्रांतून नेमकी मिळते, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना पूर्ण मान देतो.

कार्डाच्या टिकाऊपणाबद्दल माझी तक्रार नाही. एकदा थिनरचा थेंब ५४० च्या चौकटीवर पडून तिची चकाकी गेली, तेव्हापासून ते काळ्या पाकिटात ठेवतो आणि रंगाचा हात लागू देत नाही. चौकटी चकचकीत असल्याने मॅट रंगाशी थेट तुलना फसवी ठरते; म्हणून प्रत्येक मिश्रणाची एक पट्टी क्लिअर कोट देऊन कार्डाशेजारी धरतो आणि मागे तारीख, थेंबांचे प्रमाण व प्रकाश लिहून ठेवतो. अशा सदतीस पट्ट्या आता जमल्या आहेत. रुपेरी रेकचा पहिला डबा करड्या प्रायमरवर टेबलावर उभा आहे, आणि त्याच्या मोल्डिंगसाठी ५३७ च्या सिग्नल रेडपासून सुरुवात करून केशरीकडे किती सरकायचे, याच्या चार पट्ट्या खिडकीत वाळत आहेत.