झान यांची त्रयी की ‘ब्लडलाइन’?

‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्यांतले राजकारण वाचायचे आहे, पण टिमोथी झान यांची त्रयी (१९९१–९३) घ्यावी की क्लॉडिया ग्रे यांची ‘ब्लडलाइन’ (२०१६), असा पेच एका वाचकमित्रापुढे आहे. सातत्याचा निकाल सरळ लागतो: २०१४ साली ‘स्टार वॉर्स’ची निर्माती कंपनी लुकासफिल्मने जुन्या कादंबऱ्यांना ‘लेजंड्स’ ठरवून अधिकृत कथाक्रमातून वगळले, त्यामुळे त्रयीतल्या घटना नव्या चित्रपटांशी जुळत नाहीत, ‘ब्लडलाइन’ मात्र ‘द फोर्स अवेकन्स’ या चित्रपटाच्या सहा वर्षे आधीची पार्श्वभूमी उभी करते. राजकारणाचा पोत दोन्हींकडे निराळा आहे. झान यांच्याकडे ते माणसांच्या हेव्यादाव्यांतून चालते. प्रजासत्ताकाचा सरसेनापती अ‍ॅडमिरल अ‍ॅकबारच्या खात्यात संशयास्पद रक्कम सापडताच त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी बोर्स्क फेलिया त्याचा काटा काढायला सरसावतो, आणि हा प्रकार आपल्याला काही अगदीच अनोळखी नाही. ग्रे यांच्याकडे प्रबळ केंद्रसत्ता मागणारे सेंट्रिस्ट आणि ग्रहांची स्वायत्तता जपणारे पॉप्युलिस्ट यांच्या ओढाताणीत सिनेटचे कामकाजच अडून बसते. संस्था आतून कशी पोखरली जाते, हे इथे मला अधिक पटले. तीन खंडांची सवड आणि युद्धनीतीची आवड असणाऱ्याने त्रयी घ्यावी. चित्रपटांतले प्रजासत्ताक इतके दुबळे का, असा प्रश्न पडलेल्याने ‘ब्लडलाइन’.